छापा कैसराचा, कस चांदीचा

रोमन सम्राट क्लॉडियसच्या काळातली ही हकिगत. तांबड्या समुद्रावरच्या करवसुलीचा मक्ता ॲनिअस प्लोकॅमस नावाच्या मक्तेदाराकडे होता. त्याचा एक माणूस, पूर्वीचा गुलाम, अरबस्तानाच्या किनाऱ्याने गलबतातून चालला असताना वादळी वाऱ्यात सापडला आणि पंधराव्या दिवशी थेट सिंहलद्वीपाच्या बंदराला लागला. तिथल्या राजाने त्याला ठेवून घेतलं. सहा महिन्यांत तो तिथली भाषा शिकला, मग राजाने रोमविषयी खोदून खोदून विचारलं. पण राजाला खरं नवल वाटलं ते त्याच्याजवळ सापडलेल्या नाण्यांचं. नाण्यांवर चेहरे वेगवेगळे, म्हणजे ती निरनिराळ्या राजांनी पाडलेली; तरी वजनाला सगळी सारखी. असे लोक सचोटीचेच असणार, असं ठरवून राजाने रोमला वकील पाठवले. थोरल्या प्लिनीने ही हकिगत आपल्या ‘नॅचरल हिस्टरी’त नोंदवून ठेवली आहे.

यात प्लिनीचा रोमन अभिमान थोडाफार मिसळला असणार, हे उघड आहे. तरी एक गोष्ट मला खरी वाटते. राजाने चेहऱ्यांकडे पाहिलं, ते वेगळे आहेत एवढं ध्यानात घेतलं आणि नाणी तराजूत टाकली. रोममध्ये मात्र त्याच चेहऱ्यांपायी माणसं जीव घेत होती. रोमन चांदीच्या नाण्याचा पाच शतकांचा इतिहास या दोन नजरांमधला आहे. एक छाप पाहणारी, दुसरी कस पाहणारी. पाडणाऱ्याला वाटत होतं, लोक आपला मुखडा पाहून नाणं घेतात. घेणारा बहुधा कसच पाहत होता.

या नाण्याचं नाव देनारियस. कार्थेजचा सेनापती हॅनिबल इटलीत ठाण मांडून बसला होता आणि रोमचा खजिना रिता होत चालला होता, त्या धामधुमीत, इ.स.पू. २११ च्या सुमारास, ते पहिल्यांदा पाडलं गेलं. सुरुवातीला वजन साडेचार ग्रॅमच्या आसपास होतं. लवकरच ते एका रोमन पौंडाला ८४ नाणी, म्हणजे एका नाण्याला सुमारे ३.९ ग्रॅम, या मापावर येऊन ठरलं आणि नीरोपर्यंत जवळपास तिथेच राहिलं. व्यास दोन सेंटिमीटरच्या आतबाहेर, आणि चांदी, काही अडचणीची वर्षं सोडली तर, शंभरात पंचाण्णवहून अधिक. ऑगस्टसच्या काळात पायदळातल्या शिपायाला वर्षाकाठी २२५ देनारियस पगार होता. मत्तयच्या शुभवर्तमानातल्या द्राक्षमळ्याच्या दाखल्यात मजुराची दिवसाची मजुरी एक देनारियस आहे. म्हणजे हे काही तिजोरीत पूजेला ठेवायचं नाणं नव्हतं. कष्टकऱ्याच्या मुठीत येणारं आणि संध्याकाळपर्यंत निसटून जाणारं नाणं होतं.

घडवायची रीत साधी. चांदीची चकती तापवायची, ऐरणीत रोवलेल्या ठशावर ठेवायची, वरून दुसरा ठसा धरायचा आणि हातोडा घालायचा. खालच्या ठशातून छापा उठायचा, वरच्यातून काटा. वरचा ठसा घाव झेलून लवकर निकामी व्हायचा, म्हणून एकाच छाप्याच्या ठशाला अनेक काट्यांची जोड मिळालेली दिसते. घाव तिरका बसला की सम्राटाचं नाक नाण्याबाहेर. अशी नाणीही टाकून देत नसत. चांदी तीच, वजन तेच. नाण्यावर ज्याचा चेहरा, त्याचं नाव भोवती गोलाकार कोरलेलं असे. ठसा कोरणाऱ्याने स्वतःचं नाव कुठेच घातलेलं नाही. एवढ्याशा गोलात सुरकुती, कंठमणी आणि मानेची शीर उठवणारे ते हात बिननावाचेच राहिले.

नाण्यांत लबाडी करणारेही तेव्हापासूनचेच. तांब्याच्या चकतीवर चांदीचा पातळ पत्रा चढवायचा आणि मग ठसा मारायचा. वरून अस्सल, आत तांबं. इ.स.पू. ८५ च्या सुमारास खोटं-खरं नाणं इतकं मिसळलं की आपल्याजवळ नेमकं किती धन आहे हे कोणालाच सांगता येईना, असं सिसेरो लिहितो. मॅरियस ग्रॅटिडिआनस नावाच्या अधिकाऱ्याने नाणी पारखण्याचा हुकूम काढला तेव्हा लोकांनी गल्लोगल्ली त्याचे पुतळे उभारले आणि त्यांच्यापुढे ऊद जाळला. रोमने शेकडो सेनापतींच्या नावाने विजयोत्सव केले. पण नाणं पारखून दिलं म्हणून ज्याची पूजा झाली, असा हा एकटाच. पुढे हुकूमशहा सुल्लाच्या राजवटीत त्याचे हाल करून त्याला मारलं.

नाणी पाडली जात कॅपिटोलच्या टेकडीवर, जूनो मोनेटा या देवीच्या देवळालगत. प्रजासत्ताकात टाकसाळीचा कारभार दरवर्षी नेमलेल्या तीन तरुणांकडे असे. राजकारणातली ही खालची पायरी. आधी नाण्यांवर शिरस्त्राण घातलेली रोमा देवी आणि घोड्यांवर बसलेले जुळे देव असत. पण टाकसाळ हाताशी आहे आणि पुढे निवडणुका लढवायच्या आहेत, अशा पोरांनी लवकरच नाण्यांवर आपापल्या घराण्याचे पोवाडे सुरू केले. कोणाच्या आजोबाने पाणी आणलं, कोणाच्या पणजोबाने राजा पकडला. इ.स.पू. ५४ मध्ये मार्कस ब्रूटस या तरुणाने एका नाण्यावर स्वातंत्र्यदेवतेचा मुखडा घातला आणि मागे राजेशाही उलथून टाकणाऱ्या आपल्या मूळपुरुषाची मिरवणूक. चारचौघांत चालणारी घराण्याची फुशारकी, एवढंच तेव्हा कोणाला वाटलं असेल.

पूर्वजांचे चेहरे चालत, देवांचे चालत. जिवंत रोमन माणसाचा चेहरा रोमच्या टाकसाळीतून कधी निघाला नव्हता. तो राजांचा रिवाज, आणि राजा हा शब्द रोमला शिवीसारखा. इ.स.पू. ४४ च्या सुरुवातीला सिनेटच्या संमतीने ज्युलियस सीझरने ही रेघ ओलांडली. त्या देनारियसवरचा सीझर देखणा नाही. मान लांब आणि सुरकुतलेली, गाल बसलेले, कपाळापर्यंत ओढून घेतलेला पानांचा मुकुट. हा मुकुट घालायची परवानगी सीझरला सर्व मानांत जास्त आवडली, कारण त्याने टक्कल झाकलं जाई, असं स्युटोनिअस मिस्कीलपणे सांगतो. भोवती अक्षरं आहेत ‘डिक्ट पर्पेटुओ’, कायमचा हुकूमशहा. मार्चच्या १५ तारखेला त्याला भोसकून मारलं. त्याच्या खुनाचं कारण हे नाणं, असं म्हणणं भाबडेपणाचं होईल. पण ज्यांना आधीच संशय होता त्यांच्या रोजच्या व्यवहारात तो संशय खणखणत होता, हेही खरं.

मारणाऱ्यांत तोच ब्रूटस होता. दोन वर्षांनी, पूर्वेकडे फौज उभी करताना, त्यानेही नाणी पाडली. मागच्या बाजूला दोन खंजीर, मध्ये मुक्त केलेल्या गुलामाची टोपी आणि खाली ‘एइद मार’, म्हणजे मार्चच्या मध्याचा दिवस. खुनाची तारीख, हत्यार आणि हेतू तिन्ही एका नाण्यावर जाहीरपणे मांडणारं दुसरं उदाहरण मला माहीत नाही. आणि पुढच्या बाजूला? स्वतः ब्रूटसचा चेहरा. जिवंत माणसाने नाण्यावर यावं ही सीझरची आगळीक ब्रूटसने दोन वर्षांनी स्वतः केली. प्रजासत्ताक संपलं ते कुठल्या लढाईत, यावर इतिहासकार वाद घालतात. माझ्या मते ते या नाण्यावरच संपलं. चांदीतली याची शंभरेक नाणी आज माहीत आहेत. सोन्यातली अगदी मोजकी. त्यांतलं एक सोन्याचं नाणं २०२० साली लंडनच्या लिलावात विक्रमी किमतीला गेलं, पुढे त्याच्या मालकीचे कागद खोटे निघाले आणि २०२३ मध्ये ते ग्रीसला परत करावं लागलं.

मार्क अँटनीने इ.स.पू. ३२-३१ मध्ये सीझरचा दत्तकपुत्र ऑक्टेव्हियन याच्याशी शेवटच्या झुंजीची तयारी करताना शिपायांच्या पगारासाठी प्रचंड प्रमाणात देनारियस पाडले. एका बाजूला लढाऊ जहाज, दुसरीकडे गरुडध्वज आणि पलटणीचा क्रमांक. प्रत्येक पलटणीला तिचं नाणं. कल्पना झकास, चांदी मात्र हीणकस. प्लिनीने तर अँटनीने चांदीत लोखंड मिसळल्याचा आरोप केला आहे. गंमत पुढे आहे. अँटनी हरला, मेला, पण त्याची ही नाणी दोन-अडीचशे वर्षं चलनात राहिली. चांगल्या चांदीची जुनी नाणी लोकांनी दडवली, पुढे सम्राट ट्राजानने तर झिजलेली नाणी गोळा करून वितळवली. अँटनीचं हिणकट वितळवण्यात कोणालाच फायदा नव्हता, म्हणून ते हातोहात फिरत राहिलं. पराभूत माणसाचा पुतळा फोडता येतो. खोट्याच्या जवळ जाणारं नाणं फोडून काय मिळणार?

जिंकलेला ऑक्टेव्हियन, पुढचा ऑगस्टस, या सगळ्यांपेक्षा थंड डोक्याचा. इजिप्त जिंकल्यावर त्याच्या नाण्यावर एक मगर आली आणि दोन शब्द, ‘इजिप्त काबीज’. पार्थियनांनी युद्धात हिसकावलेले रोमन ध्वज त्याने इ.स.पू. २० मध्ये वाटाघाटींनी परत मिळवले. नाण्यावर मात्र पार्थियन गुडघे टेकून ध्वज देताना दिसतो. लढाई न होताच विजय. सीझरच्या मृत्यूनंतर दिसलेला धूमकेतू आठ किरणांसह नाण्यावर चढला, कारण बाप देव झाला म्हणजे दत्तकपुत्र देवाचा मुलगा. आणि चेहरा? ऑगस्टस पंचाहत्तरीत वारला. नाण्यावर तो शेवटपर्यंत तरुणच आहे. सीझरच्या सुरकुत्या संपल्या. आता सम्राटाला वय राहिलं नाही.

पुढचा सम्राट तायबेरियस याच्या काळात या चेहऱ्याची जरब किती वाढली होती, त्याचे किस्से लेखकांनी सांगून ठेवलेत. ऑगस्टसचा मुखडा असलेलं नाणं किंवा अंगठी घेऊन शौचकूपात किंवा वेश्येकडे गेलं तरी देहदंडाचा खटला उभा राही, असं स्युटोनिअस लिहितो. फिलोस्ट्रेटसने सांगितलेली गोष्ट तर आणखी वरची. एका मालकाने गुलामाला मारलं. गुलामाच्या हातात तेव्हा तायबेरियसचं चांदीचं नाणं होतं, म्हणून मालक राजद्रोहाचा दोषी ठरला. किस्से तिखटमीठ लावलेले असतील, पण ते खरे वाटावेत अशी हवा होती. येशूला कराविषयी पेचात पकडायला आलेल्यांची गोष्टही याच काळातली. त्याने नाणं मागून घेतलं, चेहरा कोणाचा असं विचारलं आणि ज्याचं त्याला द्या म्हणून पेच त्यांच्यावरच उलटवला. ते नाणं तायबेरियसचं असावं असं परंपरा मानते. एका बाजूला त्याचा मुखडा, दुसरीकडे हातात राजदंड आणि फांदी घेऊन बसलेली स्त्री. ती त्याची आई लिव्हिया असावी, असं बरेच जण समजतात.

हीच बसलेली स्त्री गलबतातून आपल्याकडे आली.

भारतात सापडलेल्या रोमन चांदीच्या नाण्यांत दोन प्रकारांनी बाकी सगळ्यांना झाकून टाकलं आहे. एक हा तायबेरियसचा. दुसरा ऑगस्टसचा, इ.स.पू. २ च्या सुमारास लुग्दुनम, म्हणजे आजच्या फ्रान्समधल्या लियाँच्या टाकसाळीत सुरू झालेला. त्याच्या मागे ढाली-भाले घेतलेले दोन तरुण उभे आहेत. ऑगस्टसने दत्तक घेतलेले त्याचे नातू, गायस आणि लुसियस. साम्राज्याचे हे वारस, अशी ती जाहिरात होती. लुसियस इ.स. २ मध्ये वारला, गायस इ.स. ४ मध्ये. वारस गेले, नाणी मात्र शेकड्यांनी दक्षिण भारतात पोचली. तेलंगणात नलगोंडा जिल्ह्यातल्या अक्कनपल्लीच्या एकाच साठ्यात १५३१ देनारियस निघाले. कोइम्बतूरच्या आसपास, केरळात, आंध्रात असे साठे निघत आलेत.

हा पैसा कशासाठी आला, ते ठाऊकच आहे. मिरी, मोती, तलम कापड, रत्नं. वर्षाला पाच कोटी सेस्टर्स भारत ओढून नेतो, अशी प्लिनीची तक्रार आहे. देनारियसमध्ये ते सव्वा कोट होतात. आकडा त्याने रागात फुगवला असेल. पण पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या खलाशांच्या मार्गदर्शिकेत एक ओळीची नोंद आहे, ती रागातली नाही, धंद्यातली आहे. बारिगाझाला, म्हणजे भडोचला, सोन्या-चांदीचे देनारियस न्यावेत, स्थानिक नाण्यांशी बदलताना नफा होतो. रोमन व्यापारी देनारियस हा माल म्हणून आणत होता. आपल्याकडचा घेणाराही माल म्हणूनच घेत होता.

तो सम्राटाच्या मुखड्याची किती तमा बाळगत होता, ते १८९८ साली तामिळनाडूतल्या पुदुकोट्टईला सापडलेल्या साठ्यात दिसतं. ५०१ नाणी, सोन्याची. त्यांतल्या नव्वद टक्क्यांहून अधिक नाण्यांच्या छाप्यावर छिन्नीचा घाव आहे. आत तांबं आहे का, हे पाहायला घाव घातला असं म्हणावं तर घाव कुठेही चालला असता. तो नेमका सम्राटाच्या डोक्यावर आहे. हे नाणं यापुढे नाणं नाही, नुसतं सोनं आहे, अशी ती खूण असावी, या मताकडे माझा कल आहे. रोममध्ये ज्या चेहऱ्यासमोर गुलामाला मारणं गुन्हा, त्याच्या टाळक्यात पुदुकोट्टईला छिन्नी.

महाराष्ट्रात गोष्ट निराळी आहे. सह्याद्रीच्या दोन्ही अंगांना रोमन व्यापाराच्या खुणा काही कमी नाहीत. ‘पेरिप्लस’मध्ये पैठण भडोचपासून वीस दिवसांच्या वाटेवर आणि तगर, म्हणजे धाराशिव जिल्ह्यातलं तेर, पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांवर सांगितलं आहे. कल्याणच्या बंदरात उतरलेली ग्रीक गलबतं पहाऱ्यात भडोचला नेली जात, अशीही नोंद आहे. कोल्हापूरला ब्रह्मपुरीच्या टेकाडावर निघालेला पोसायडनचा काशाचा पुतळा टाउन हॉल संग्रहालयात आहे. पण चांदीचे देनारियस? दक्षिणेच्या मानाने फारच थोडे. एवढा व्यापार चालला आणि नाणं राहिलं नाही, तर गेलं कुठे?

याचं एक उत्तर नाशिकजवळ मिळतं. १९०६ साली जोगलटेंभीला मडक्यात चांदीची तेरा हजारांवर नाणी सापडली. सगळी क्षहरात क्षत्रप नहपानाची. एका बाजूला त्याचा मुखडा, भोवती ग्रीक लिपीतली अक्षरं. दुसरीकडे ब्राह्मी आणि खरोष्ठी. नहपानाकडे एवढी चांदी आली कुठून? आपल्याकडे चांदीच्या खाणी बेताच्याच. भडोचला उतरलेले देनारियस वितळवून ही नाणी पाडली गेली, असा बऱ्याच अभ्यासकांचा तर्क आहे, आणि तो पटण्याजोगा आहे. नहपानाचा जावई उषवदात याचा नाशिकच्या लेण्यातला लेख दानाचा हिशेब सांगताना सत्तर हजार चांदीचे कार्षापण म्हणजे दोन हजार सुवर्ण, पस्तिसाला एक, असा भावही देऊन टाकतो. सोन्या-चांदीचा विनिमय कोरीव लेखात नोंदवण्याइतका तो रोजचा झाला होता.

आणि मग गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाचा पाडाव केला. जोगलटेंभीच्या साठ्यातल्या जवळपास दोन-तृतीयांश नाण्यांवर नहपानाच्या मुखड्यावरच सातवाहनांचा डोंगर आणि उज्जयिनीचं चिन्ह ठोकलेलं आहे. ठोक इतकी उथळ की खालचं नाक-डोळे कित्येकदा दिसत राहतात. नवं नाणं पाडायचं तर वितळवावं लागतं, वेळ जातो, चांदी घटते. गौतमीपुत्राने जुन्या राजाच्या तोंडावर आपली सही करून व्यवहार चालू ठेवला. देनारियस वितळवल्याचा तर्क खरा असेल तर त्या चांदीने तीन धनी पाहिले. लियाँच्या टाकसाळीत ती कैसराची होती, भडोचला क्षत्रपाची झाली, गोदावरीकाठी सातवाहनाची.

चेहरा मात्र वेगळ्या वाटेने टिकला. तेरला, तेलंगणात कोंडापूरला आणि इतरही ठिकाणी मातीच्या छोट्या चकत्या मिळाल्या आहेत. रोमन नाण्याचा छाप घेऊन भाजलेल्या, ओवायला नाकं ठेवलेल्या. कित्येकींवर तायबेरियस आहे. आपल्याकडे पुढे व्हेनिसच्या मोहरांची पुतळीमाळ झाली आणि त्यांवरच्या परक्या आकृत्यांत बायकांनी राम-सीता पाहिले, तशीच ही सातवाहनकाळची हौस. ज्याचं नाणं शौचकूपात नेणं देहदंडाचा गुन्हा होता, तो तायबेरियस मराठवाड्यात कोणाच्या तरी गळ्यात मातीचा होऊन लोंबत होता. कैसराला एवढा निर्मळ मान रोममध्येही मिळाला नसेल.

नीरोच्या काळानंतरचे देनारियस भारतात फारसे सापडत नाहीत. इ.स. ६४ च्या सुमारास नीरोने वजन पौंडाला ९६ नाण्यांवर आणलं आणि चांदीत तांबं वाढवलं. अलीकडच्या चाचण्यांत चांदी शंभरात ऐंशीच्या आसपास भरते. ज्याला छाप पाहून घ्यायचं नव्हतं, त्याने हात आखडता घेतला असणार. टॅसिटस जर्मन टोळ्यांविषयीही हेच लिहितो. त्यांना रोमची जुनी, कातरलेल्या काठांची, दोन घोड्यांच्या रथाची नाणीच हवीत. ऱ्हाइनपलीकडचा जर्मन आणि मलबारचा मिरीवाला एकमेकांना कधी भेटले नाहीत. निवाडा दोघांचा एकच.

याच नीरोच्या नाण्यांवर एका घराची पडझड सालवार वाचता येते. इ.स. ५४ मध्ये सोळा-सतरा वर्षांचा नीरो आणि त्याची आई अग्रिपिना समोरासमोर आहेत, आणि चेहऱ्यांभोवती नाव तिचं. मुलाचं नाव मागच्या बाजूला. पुढच्याच वर्षी दोघांचे चेहरे एकामागे एक, पुढे तो. तिचं नाव मागे गेलं. त्यानंतर ती नाण्यावरून गेली. ५९ मध्ये नीरोने तिला मारवलं. दरबारी इतिहासकारांना ओळी लागल्या असत्या, टाकसाळीने दोन ठशांत सांगितलं.

यापुढची कहाणी लांब आहे, पण तिची चाल एकच आहे. चांदी जसजशी उतरत गेली तसतशी घोषवाक्यं चढत गेली. अपवाद आहेत. डोमिशियनने ८२ साली चांदी जवळजवळ शुद्ध केली. त्याला ते तीनच वर्षं झेपलं. त्याच सुमाराच्या त्याच्या नाण्यावर त्याचा मेलेला तान्हा मुलगा पृथ्वीच्या गोलावर बसून सात ताऱ्यांशी खेळतो. रोमन नाण्यांवरच्या सगळ्या राजकीय चित्रांत हे एकच मला दुखऱ्या जागेवरून आल्यासारखं वाटतं. तेही राजकीयच आहे, हे कळूनही.

१९३ साली राजरक्षकांनी सम्राट पर्टिनॅक्सला मारलं आणि गादी चक्क लिलावात काढली. डिडियस जुलियानसने जास्त बोली लावून ती घेतली. त्याच्या देनारियसवर मजकूर आहे, ‘सैनिकांची एकजूट’. दोन महिन्यांत त्याचा मुडदा पडला. त्याच्यानंतर आलेल्या सेप्टिमियस सेव्हेरसने शिपायांचा पगार वाढवला आणि तो भागवायला चांदी शंभरात पन्नासच्या आसपास आणली. मुलगा कॅराकॅला याने २१५ मध्ये किरणांचा मुकुट घातलेलं मोठं नाणं काढलं. किंमत बहुधा दोन देनारियसची, वजन दीडाचं. सम्राटाच्या डोक्यामागे सूर्य उगवला आणि हातात अर्धा देनारियस कमी आला.

२६० साली सम्राट व्हॅलेरियन इराणच्या शापूरच्या हाती जिवंत सापडला. रोमन सम्राट कैद होण्याची ही पहिलीच वेळ. नक्श-ए-रुस्तमच्या कड्यावर शापूरने हा प्रसंग कोरून घेतला. व्हॅलेरियनच्या नाण्यांवर ‘जगाचा पुनरुद्धारक’ असं लिहिलेलं आहे. त्याच्या मुलाच्या, गॅलिएनसच्या कारकिर्दीच्या शेवटी नाण्यात चांदी शंभरात दोन-तीन भाग उरली. तांब्याला वरून चांदीची झिलई. पूर्वी जे गल्लीतले खोटे नाणेवाले चोरून करत, ते आता सरकारी टाकसाळीत दिवसाढवळ्या होऊ लागलं.

कारणं केवळ सम्राटांच्या उधळेपणात शोधणं सोपं, पण अपुरं आहे. २०१८ मध्ये ग्रीनलंडच्या बर्फातल्या शिशाच्या प्रमाणाचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. चांदी शिशाच्या खनिजातून गाळावी लागते. त्या भट्ट्यांचा धूर वाऱ्याने उत्तरेला जाऊन बर्फात गाडला गेला. ऑगस्टसच्या शांततेत शिसं वाढतं. १६५ नंतर, मार्कस ऑरेलियसच्या काळात साथ पसरली तेव्हा ते धाडकन खाली येतं आणि पुढे शतकानुशतकं वर येत नाही. स्पेनच्या खाणीत उतरायला माणसंच उरली नसतील तर सम्राट तरी चांदी कुठून आणणार? तरी घोषवाक्यं कोणी त्याच्याकडे मागितली नव्हती. २७१ च्या सुमारास रोमच्या टाकसाळीतल्या कामगारांनीच बंड केलं. ते मोडताना सात हजार शिपाई पडल्याचं जुना इतिहासकार सांगतो.

या काळात खऱ्या चांदीचं महत्त्व ओळखलं ते एका बंडखोराने. २८६ मध्ये कॅरॉसियस नावाच्या आरमारी सरदाराने ब्रिटन बळकावलं आणि स्वतःला सम्राट म्हणवलं. वारसा नाही, सिनेट नाही. त्याने चांगल्या चांदीचे देनारियस पाडले, आणि त्यांच्या तळाशी ‘आर एस आर’ ही अक्षरं टाकली. ती कवी व्हर्जिलच्या सुवर्णयुगाच्या ओळीची आद्याक्षरं आहेत, हे विसाव्या शतकाच्या अखेरीस उलगडलं. सात वर्षांत त्याच्याच खजिनदाराने त्याला मारलं. पण हक्क सिद्ध करायला आधी चांदी शुद्ध लागते, एवढं त्याला कळत होतं.

त्याच्या त्या देनारियसपैकी पाच, इंग्लंडमध्ये सॉमरसेट परगण्यातल्या फ्रोम गावाजवळ २०१० साली एका मडक्यात मिळाले. मडक्यात एकूण ५२,५०३ नाणी होती, बहुतेक हीणकस. शोधणाऱ्याला मडक्याचा काठ आणि नाणी दिसली आणि त्याने खणणं थांबवून पुरातत्त्वज्ञांना बोलावलं. त्यांनी मडकं थराथराने रिकामं केलं. सगळ्यांत अलीकडची, म्हणजे कॅरॉसियसची नाणी निम्म्याहून खालच्या थरांत निघाली, त्यामुळे हे मडकं वर्षानुवर्षांच्या बचतीचं नसून एकाच वेळी भरलं गेलं असावं, असं कळलं. नाणी भराभर उपसली असती तर ही माहिती कायमची गेली असती. स्थानिक संग्रहालयाने तीन लाख वीस हजार पौंड मोजून तो साठा घेतला.

आपल्याकडे नांगराला लागलेला हंडा बहुधा थेट सराफाकडे जात आला आहे. तिथे तो वजनावर विकला जातो आणि संध्याकाळी मुशीत असतो. कैसराचं काय, नहपानाचं काय आणि गौतमीपुत्राचं काय. दिवाळीनंतर रब्बीची नांगरट निघेल. विहिरींचं, घरांच्या पायांचं खोदकाम निघेल. जमिनीत जुनी नाणी लागली तर ती धुऊ नका, घासू नका, वाटून घेऊ नका. मडकं असेल तसं राहू द्या आणि तहसील कचेरीत कळवा. १८७८ चा भारतीय निखात निधी कायदा अजून लागू आहे. जमिनीत सापडलेल्या, दहा रुपयांहून अधिक किमतीच्या ठेव्याची वर्दी जिल्हाधिकाऱ्याला देणं त्यानुसार बंधनकारक आहे. सरकारने तो ठेवा घेतला तर धातूची किंमत आणि वर तिचा पाचवा हिस्सा द्यावा लागतो. सराफ एवढं देत नाही.